तपकिरी ते सगळं मेलॅनिन नव्हे

समजा, एकाच सकाळी लॅबमध्ये त्वचेच्या चार बायॉप्सी आल्या. पहिली घोट्याजवळच्या काळपट डागाची. पेशंटला वर्षानुवर्षं व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास. दुसरी नडगीवरच्या निळसर करड्या चट्ट्याची. हा पेशंट मुरुमांसाठी बरेच महिने मिनोसायक्लिन घेत होता. तिसरी कपाळावर आणि मानेवर पसरलेल्या राखाडी डागांची. चौथी हातावरच्या जुन्या गोंदणात आलेल्या गाठीची. चौघांच्या स्लाईड तयार झाल्या, सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या आणि चौघांतही चित्र जवळपास एकच: त्वचेच्या खालच्या थरात, भक्षक पेशींच्या पोटात, तपकिरी ते काळे बारीक कण.

पहिल्या तुकड्यातले कण शिरांतून झिरपलेल्या रक्तातल्या लोहाचे आहेत. दुसऱ्यातले औषधापासून बनलेले. तिसऱ्यातले मेलॅनिनचे. चौथ्यातली निव्वळ काजळी आहे. अनुभवी डोळ्याला थोडाफार अंदाज येतो. लोहाचे कण जरा ओबडधोबड, सोनेरी झाक असलेले आणि चमकदार असतात. मेलॅनिनचे कण बारीक आणि मंद. पण अंदाजावर निदान लिहिता येत नाही. दिसतं तसं नसतं, ही म्हण पॅथॉलॉजीच्या खोलीत रोज खरी ठरते.

इथे कामाला येतात विशेष स्टेन. स्टेन म्हटलं की आपल्याला वाटतं, जे दिसत नाही त्याला रंग देऊन उठावदार करायचं. मेलॅनिनचा मामला वेगळा आहे. ते मुळातच रंगीत. तेव्हा त्याच्या बाबतीत स्टेनचं काम रंग देण्यापेक्षा प्रश्न विचारण्याचं जास्त असतं. चांदीचं द्रावण दिलं तर तू काय करतोस? लोहाचे आयन दिले तर धरून ठेवतोस का? ऑक्सिडीकरण केलं तर टिकतोस की विरतोस? या प्रश्नांची उत्तरं जुळली, तरच समोरचा कण मेलॅनिनचा.

कणांचा प्रवास

मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी म्हणजे मेलॅनोसाईट. गर्भावस्थेत त्या मज्जासंस्थेच्या कडेच्या पट्ट्यातून, न्यूरल क्रेस्टमधून, निघून त्वचेपर्यंत चालत येतात आणि बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या ओळीत बसतात. टायरोसिन या साध्या अमिनो आम्लावर टायरोसिनेज हे विकर काम करतं, त्यातून डोपा आणि मग डोपाक्विनोन तयार होतं, आणि पुढच्या साखळीतून मेलॅनिन. काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि लालसर-पिवळं फिओमेलॅनिन असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

हे सगळं मेलॅनोसोम नावाच्या पिशवीत घडतं. भरलेल्या पिशव्या मेलॅनोसाईट आपल्या लांब फांद्यांमधून आजूबाजूच्या केरॅटिनोसाईट पेशींना वाटून टाकते. टी. बी. फिट्झपॅट्रिक आणि ए. एस. ब्रेथनॅक यांनी 1963 मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार एक मेलॅनोसाईट साधारण 36 केरॅटिनोसाईटना रंग पुरवते. ज्या पेशीला कण मिळतात ती ते आपल्या केंद्रकाच्या वर छत्रीसारखे धरते, म्हणजे ऊन आधी मेलॅनिनवर पडतं, डीएनएवर नाही.

यातून एक गोष्ट निघते आणि पुढच्या सगळ्या स्टेनचा अर्थ लावताना ती लागते. त्वचेत मेलॅनिन जिथे दिसतं तिथे ते बनलेलं असेलच असं नाही. बहुतेक रंग गिऱ्हाइकांकडे असतो. बनवणारी पेशी साध्या स्लाईडवर अनेकदा फिकट, रिकामीच दिसते. म्हणून ‘मेलॅनिन किती आहे’ आणि ‘मेलॅनोसाईट किती आहेत’ हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांना निराळे स्टेन लागतात.

तुकडा ते स्लाईड

त्वचेची बायॉप्सी बहुधा 3 ते 4 मिलिमीटर व्यासाच्या पंचने घेतात. तुकडा लगेच 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये जातो. मग अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेलं पॅराफिन मेण असा प्रवास करून त्याचा ब्लॉक होतो. मायक्रोटोमवर त्या ब्लॉकचे सुमारे 4 मायक्रॉन जाडीचे काप निघतात. हे काप कोमट पाण्यावर तरंगत ठेवून काचेवर उचलायचे, हे काम हातात बसायला टेक्निशियनला बराच काळ लागतो.

पहिला स्टेन नेहमीचाच, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन, म्हणजे बोलीतला ‘एच अँड ई’. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या लॉगवूड झाडाच्या खोडातून निघतं. त्याने केंद्रकं निळी-जांभळी होतात आणि इओसिनने बाकीचा पसारा गुलाबी. मेलॅनिन या गुलाबी-जांभळ्या पटावर आपल्या स्वतःच्या तपकिरी रंगात दिसतं. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत खालच्या ओळीत ते भरपूर असतं आणि कुठल्याही मदतीशिवाय ओळखू येतं. अडचण दोन टोकांना येते. कण फारच कमी असतील तर ते नजरेतून सुटतात, आणि नको त्या जागी असतील तर ते कोणते, हा संशय उरतो.

चांदीची परीक्षा

मेलॅनिनसाठी आजही सर्वांत जास्त वापरला जाणारा रासायनिक स्टेन म्हणजे फॉन्टाना-मॅसन. गंमत अशी की ज्या दोघांचं नाव त्याला लागलं, त्यांतल्या कुणीही ही पद्धत मेलॅनिनसाठी शोधली नव्हती. इटालियन त्वचारोगतज्ज्ञ फॉन्टाना यांनी 1912 मध्ये अमोनियायुक्त चांदीचं द्रावण वापरलं ते उपदंशाचे सर्पिल जंतू दिसावेत म्हणून. ते जंतू 1905 मध्येच सापडले होते, पण साध्या रंगांना ते दाद देत नसत. दोन वर्षांनी, 1914 मध्ये, फ्रेंच पॅथॉलॉजिस्ट पिएर मॅसन यांनी त्याच द्रावणाने आतड्याच्या अस्तरातल्या काही संप्रेरक पेशी काळ्या करून दाखवल्या. मेलॅनिनही त्याच द्रावणात काळंभोर होतं, आणि त्वचेच्या अभ्यासकांना हवं होतं ते हेच.

रसायन सरळ आहे. मेलॅनिनच्या रेणूत असे गट असतात, जे दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देऊन टाकतात. चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन मिळाला की त्याची धातूरूप चांदी होते आणि ती बारीक काळ्या कणांच्या रूपात जागच्या जागी साचते. बाहेरून कुठलंही क्षपणक न घालता जो पदार्थ एकट्याने हे करतो, त्याला आर्जेन्टाफिन म्हणतात. जो चांदी नुसती धरून ठेवतो आणि काळं होण्यासाठी वेगळ्या रसायनाची वाट पाहतो, तो आर्जिरोफिल. मेलॅनिन पहिल्या जातीचं.

द्रावण बनवताना खरा कस लागतो. 10 टक्के सिल्व्हर नायट्रेट घ्यायचं आणि त्यात अमोनिया थेंब थेंब सोडायचा. पहिल्या थेंबांनी द्रावण तपकिरी गढूळ होतं. आणखी थेंब पडले की गढूळपणा विरत जातो. अगदी अंधूक दुधाळ झाक उरली की हात थांबवायचा. एक-दोन थेंब जास्त गेले तर द्रावणाचा जोर जातो आणि स्लाईड फिकी निघते. कमी पडले तर चांदी सगळीकडे बसते. काचेची भांडी आम्लाने धुतलेली लागतात, कारण कुठल्याही कणावर चांदी बसायला तयारच असते. स्लाईड उचलायला धातूचा चिमटा चालत नाही.

मग काप 56 ते 60 अंश सेल्सिअसला साधारण तासभर या द्रावणात राहतो, किंवा खोलीच्या तापमानाला अंधारात रात्रभर. अधूनमधून काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं: कण काळे झाले का, पार्श्वभूमी स्वच्छ आहे का. जास्त वेळ गेला तर चांदी कोलॅजनवरही चढते आणि सगळा काप धुरकट होतो. वेळ साधली की पाण्याने धुऊन गोल्ड क्लोराईडमध्ये बुडवायचा. चांदीच्या कणांवर सोनं बसतं, पिवळट झाक जाते आणि काळा रंग पक्का होतो. नंतर सोडियम थायोसल्फेट, ज्याने न वापरलेली चांदी निघून जाते. शेवटी न्यूक्लिअर फास्ट रेडने केंद्रकं लालसर गुलाबी. अशा फिक्या गुलाबी पटावर मेलॅनिनचा एकेक कण शाईच्या टिपक्यासारखा उठून दिसतो.

जुन्या ब्लॅक अँड व्हाईट फोटोंच्या डार्करूममध्ये काम केलेल्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल. चांदीचा क्षार, सोन्याचं टोनिंग आणि ‘हायपो’ म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हे तिन्ही तिथलेच. फरक इतकाच की फोटोत चांदीला काळं करण्याची सुरुवात प्रकाश करतो, इथे मेलॅनिन करतं. मतदान केल्यावर आपल्या बोटाला लागते ती शाईही सिल्व्हर नायट्रेटचीच. मैसूरच्या सरकारी कारखान्यात ती 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून बनते. त्वचेवरच्या क्षारांशी संयोग पावून आणि उजेड खाऊन ती काळी पडते आणि आठवडाभर जात नाही.

एक धोकाही लक्षात ठेवावा लागतो. अमोनियायुक्त चांदीचं द्रावण साठवून ठेवलं किंवा सुकू दिलं तर त्यात स्फोटक संयुगं तयार होऊ शकतात. म्हणून ते लागेल तेवढंच आणि त्याच वेळी बनवतात. उरलं तर मिठाचं द्रावण घालून चांदी क्लोराईडच्या रूपात खाली बसवतात, मगच टाकून देतात.

फॉन्टाना-मॅसनची मर्यादा त्याच्या जन्मकथेतच आहे. जो जो पदार्थ चांदीला इलेक्ट्रॉन देईल, तो काळा होणार. आतड्यातल्या संप्रेरक पेशी होतात, वयस्कर पेशींत साठणारं लिपोफ्युसिनही काही प्रमाणात होतं. युमेलॅनिन आणि फिओमेलॅनिन यांतला फरकही तो सांगत नाही; त्यासाठी ऊतीतला रंग रासायनिक रीतीने फोडून त्याचे तुकडे मोजावे लागतात. तेव्हा नुसत्या चांदीच्या होकारावर थांबता येत नाही.

रंगाचा बेरंग करून ओळख

खात्रीची सगळ्यांत सोपी वाट उलटी आहे: मेलॅनिन काढून टाकायचं. मेलॅनिन आम्लात, अल्कोहोलमध्ये किंवा झायलीनमध्ये विरघळत नाही, पण जोरदार ऑक्सिडीकरणापुढे ते तग धरत नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणात काप काही मिनिटं ठेवला आणि नंतर ऑक्झॅलिक आम्लाने परमँगनेटचा तपकिरीपणा धुतला की मेलॅनिनचा रंग उडालेला असतो. हायड्रोजन पेरॉक्साईडने तेच काम हळू होतं, कधी अख्खी रात्र लागते, पण ऊतीला इजा कमी होते.

व्यवहारात ब्लॉकमधले शेजारशेजारचे दोन काप घेतात. एक तसाच, दुसरा आधी ब्लीच केलेला. दोन्हींवर फॉन्टाना-मॅसन करतात. पहिल्यात काळे कण आणि दुसऱ्यात त्याच जागी काहीच नाही, असं दिसलं तर संशयाला फारशी जागा राहत नाही. गोंदणातली काजळी म्हणजे कार्बन. ती परमँगनेटला भीक घालत नाही, आहे तशी राहते. रक्तातून आलेलं लोहही ब्लीचने जात नाही. फॉर्मॅलिन आम्लधर्मी झालं की रक्ताबरोबर त्याच्या संयोगाने बनणारा तपकिरी गाळ पिक्रिक आम्लाच्या अल्कोहोलमधल्या द्रावणाने निघतो, आणि ध्रुवित प्रकाशात तो चमकतो. मेलॅनिन चमकत नाही.

ब्लीचचा दुसरा उपयोग त्याहून रोजचा आहे. काही मेलॅनोमामध्ये इतका रंग साठलेला असतो की पेशींची केंद्रकंच झाकली जातात. कॅन्सर आहे की नाही हे केंद्रकांवरून ठरतं, म्हणून तिथे रंग आधी उडवावा लागतो.

लोहाचे तीन प्रयोग

जर्मन पॅथॉलॉजिस्ट मॅक्स पर्ल्स यांनी 1867 मध्ये दिलेली कसोटी आजही जवळपास तशीच चालते. कापावर आम्ल आणि पोटॅशियम फेरोसायनाईड घातलं की ऊतीतल्या फेरिक लोहापासून प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तयार होतो. पर्ल्सच्या कसोटीत हिमोसिडेरिन, म्हणजे रक्तातून आलेलं लोह, निळं होतं, मेलॅनिन होत नाही. घोट्याजवळच्या डागाचं कोडं या एका स्लाईडने बरंचसं सुटतं. बरंचसं अशासाठी, की अशा जुन्या डागांत लोहासोबत थोडं मेलॅनिनही असतं, आणि मग पर्ल्स आणि फॉन्टाना दोन्ही लावून हिशेब मांडावा लागतो.

दुसरा प्रयोग श्मॉर्ल यांच्या नावाचा. ड्रेसडेनचे हे पॅथॉलॉजिस्ट मणक्याच्या चकत्यांमधल्या श्मॉर्ल नोड्समुळेही ठाऊक आहेत. त्यांच्या पद्धतीत फेरीसायनाईड आणि फेरिक क्लोराईडचं ताजं मिश्रण लावतात. मेलॅनिन फेरीसायनाईडचं क्षपण करून फेरोसायनाईड बनवतं आणि जागेवरच निळा रंग उमटतो. चांदीच्या जागी लोह, एवढाच बदल. त्यामुळे मर्यादाही साधारण त्याच, लिपोफ्युसिनही इथे निळं होतं.

तिसरा प्रयोग जास्त नेमका आहे. अमेरिकन ऊतिरसायनशास्त्रज्ञ आर. डी. लिली यांनी 1957 मध्ये मेलॅनिनच्या वेगळ्याच गुणाचा फायदा घेतला. मेलॅनिन धातूंचे आयन घट्ट धरून ठेवतं. काप फेरस सल्फेटच्या द्रावणात ठेवला की मेलॅनिन फेरस आयन उचलतं. जास्तीचं लोह धुतलं आणि पोटॅशियम फेरीसायनाईड लावलं की मेलॅनिन गडद हिरवं होतं. ऊतीत आधीपासून असलेलं हिमोसिडेरिन फेरिक स्वरूपात असल्याने ते फेरीसायनाईडला तो रंग देत नाही. इलेक्ट्रॉन देण्याची परीक्षा अनेकजण पास होतात. लोह धरण्याची परीक्षा फार थोडे.

आता मिनोसायक्लिनचा पेशंट. नडगीवरच्या त्याच्या निळसर डागातले कण पर्ल्सलाही हो म्हणतात आणि फॉन्टानालाही. नुसतं फॉन्टाना करून पाहणारा त्याला मेलॅनिन म्हणेल, नुसतं पर्ल्स करणारा लोह म्हणेल. दोन्ही स्लाईड शेजारी ठेवल्या आणि पेशंटच्या औषधांची यादी हातात असली, तरच उत्तर मिळतं. कुष्ठरोगावरच्या क्लोफाझिमिनचंही असंच. त्या गोळ्यांनी त्वचा लालसर तपकिरी, पुढे काळपट होते, आणि भक्षक पेशींत सापडणारा रंग मेलॅनिनपेक्षा लिपोफ्युसिनच्या जातीचा असतो. औषध बंद झाल्यावर तो हळूहळू ओसरतो, हे पेशंटला आधीच सांगितलं तर गोळ्या मध्येच सोडल्या जात नाहीत.

रंग दिसला, रंगारी कुठे आहे?

आत्तापर्यंतच्या सगळ्या परीक्षा तयार मेलॅनिनच्या होत्या. ते बनवणारं विकर चालू आहे का, हे विचारणारी पद्धत झ्युरिकचे त्वचारोगतज्ज्ञ ब्रुनो ब्लॉख यांनी 1917 मध्ये दिली. डोपा हा रेणू त्याआधी चारच वर्षं, 1913 मध्ये, मार्कस गुग्गेनहाइम यांनी बाकला या शेंगवर्गीय पिकातून वेगळा केला होता. पार्किन्सनच्या रुग्णांना दिलं जाणारं लेव्होडोपा तेच. ब्लॉख यांनी त्वचेचे ताजे, गोठवून घेतलेले काप डोपाच्या द्रावणात ठेवले. ज्या पेशींमध्ये विकर जिवंत होतं, त्यांनी डोपा वापरून मेलॅनिन बनवलं आणि त्या फांद्यांसकट काळ्या होऊन उमटल्या. फॉर्मॅलिन आणि मेणातून गेलेल्या कापात विकर मरून जातं, त्यामुळे ही परीक्षा नेहमीच्या ब्लॉकवर होत नाही. म्हणून ती रोजच्या लॅबमध्ये मागे पडली.

पण ज्ञानात तिने घातलेली भर मोठी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर जॉर्ज साबो यांनी बाह्यत्वचा पापुद्र्यासारखी सोडवून, डोपाने मेलॅनोसाईट काळ्या करून, शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर त्या मोजल्या. चेहऱ्यावर त्या पोट-पाठीपेक्षा जास्त दाट निघाल्या. गोऱ्या आणि काळ्या माणसांत मात्र त्याच जागेवरची संख्या सारखीच होती. वर्णाचा फरक रंगारी किती यावरून पडत नाही. पिशव्या केवढ्या, किती भरलेल्या आणि केरॅटिनोसाईटमध्ये गेल्यावर कशा पसरतात, यावर तो पडतो. गडद त्वचेत मेलॅनोसोम मोठे असतात आणि एकेकटे विखुरतात; फिकट त्वचेत ते लहान असतात, झुबक्याने राहतात आणि वर सरकताना लवकर मोडतात.

अल्बिनिझम आणि कोड यांतला भेदही असाच समजतो. अल्बिनिझममध्ये मेलॅनोसाईट जागेवर असतात, मेलॅनिन बनवण्याची साखळी सदोष असते. कोडाच्या पांढऱ्या चट्ट्यात मेलॅनोसाईटच नाहीशा झालेल्या असतात. दोन्हींत त्वचा पांढरी आणि फॉन्टाना-मॅसनची स्लाईड कोरी, पण कारण निराळं.

प्रतिपिंडांचा काळ

आज रंगारी, म्हणजे मेलॅनोसाईट, शोधायला ठराविक प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड वापरतात. 1965 मध्ये मेंदूच्या ऊतीतून सापडलेलं एस-100 हे प्रथिन मेलॅनोसाईटमध्येही असतं. 100 टक्के संपृक्त अमोनियम सल्फेटमध्ये ते विरघळलेलं राहतं, म्हणून हे नाव. ते संवेदनशील आहे, पण मज्जातंतू आणि लँगरहान्स पेशीही त्याला होकार देतात. 1980 च्या दशकात एचएमबी-45 आलं. ते मेलॅनोसोमच्या बांधणीतल्या प्रथिनाला धरतं आणि प्रौढ त्वचेतल्या शांत मेलॅनोसाईटना बहुधा सोडून देतं. 1990 च्या दशकात मेलॅन-ए आलं आणि नंतर केंद्रकात उमटणारं सॉक्स-10.

या पद्धतीची एक अडचण खास सावळ्या त्वचेतली आहे. प्रतिपिंड बसला की नाही, हे दाखवायला सर्रास वापरलं जाणारं डीएबी हे रसायन तपकिरी रंग देतं. तपकिरी मेलॅनिनवर तपकिरी डीएबी! कोणतं कुठलं, हे ठरवताना नाकी नऊ येतात. त्यावर दोन तोडगे आहेत. एक, तपकिरीऐवजी लाल रंग देणारं रसायन वापरायचं. दुसरा, केंद्रकांसाठी हिमॅटॉक्सिलिनच्या जागी जिम्सा वापरायचं. त्यात मेलॅनिन हिरवट निळं होतं आणि डीएबीचा तपकिरी वेगळा ओळखू येतो. आधी ब्लीच करणं हा तिसरा मार्ग आहे, पण त्यात ज्या प्रथिनाला शोधायचं, त्यालाच धक्का लागण्याची भीती असते.

सूज असलेल्या त्वचेत मेलॅन-ए फसवूही शकतं. खालची ओळ उद्ध्वस्त होत असताना त्याचा रंग मोडक्या पेशींच्या पुंजक्यांवर बसतो आणि मेलॅनोमाची सुरुवात असल्याचा भास होतो. अशा वेळी सॉक्स-10 ची स्लाईड मागवतात, कारण केंद्रकातला ठिपका मोजणं जास्त भरवशाचं. मेलॅनोमा रंगहीनही असतो, त्यात फॉन्टाना कोरं राहतं आणि निदान सर्वस्वी प्रतिपिंडांवर येतं. तळपायाचा मेलॅनोमा आपल्याकडे भोवरी किंवा न भरणारी जखम समजून दुर्लक्षिला जातो, तेव्हा ही गोष्ट नुसती पुस्तकी नाही.

डाग किती खोल?

आपल्या त्वचारोग ओपीडीत मेलॅनिनचा प्रश्न बहुतेक वेळा ‘किती’पेक्षा ‘कुठे’ असा असतो. वांगामध्ये बाह्यत्वचेतलं मेलॅनिन वाढलेलं असतं आणि काहींत थोडं खालीही उतरलेलं. 1974 मध्ये दिल्लीच्या भूतानी आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या लायकेन प्लॅनस पिगमेंटोससमध्ये खालची ओळ मोडते, रंग खाली गळतो आणि भक्षक पेशी तो गिळून बसतात. लेखाच्या सुरुवातीचे कपाळ-मानेवरचे राखाडी डाग याच जातीचे. राखाडी दिसण्याचं कारण प्रकाशाचं आहे: खोलवरच्या मेलॅनिनवरून परतताना निळा प्रकाश जास्त विखुरतो. बाळाच्या कंबरेवरचं निळसर लासं याच कारणाने निळं दिसतं. तिथे मेलॅनोसाईटच खोल थरात राहून गेलेल्या असतात.

उपचाराचा अंदाज या खोलीवर ठरतो. वरचं मेलॅनिन पेशींबरोबर झडून जातं, त्यामुळे मलमाचा उपयोग होतो. खाली गळलेलं मेलॅनिन भक्षक पेशींच्या मर्जीवर असतं आणि महिनोन्‌महिने हटत नाही. हे न समजता दुकानातून आणलेलं हायड्रोक्विनोनचं क्रीम वर्षानुवर्षं चोळत राहिलं, तर डाग उलट काळवंडतो. तेव्हा बायॉप्सीत खालच्या थरात केळ्याच्या आकाराचे गेरूच्या रंगाचे धागे दिसतात. त्याला ऑक्रोनोसिस म्हणतात.

काही काळ्या डागांत मेलॅनिन मुख्य आरोपीच नसतं. मानेवरच्या मखमली काळेपणात, म्हणजे अकँथोसिस नायग्रिकन्समध्ये, काळेपणा मुख्यतः जाड झालेल्या, सुरकुत्या पडलेल्या वरच्या थरामुळे असतो. तिथे फॉन्टानाच्या स्लाईडपेक्षा रक्तातली साखर तपासणं जास्त कामाचं. पाठीच्या वरच्या भागावर घासणीने घासून घासून आलेल्या लाटांसारख्या डागात मेलॅनिनसोबत अॅमिलॉइड साठलेलं असतं. ते कॉंगो रेडने शोधतात.

फिक्या चट्ट्यांतही हाच सावधपणा लागतो. कोड, शिबं आणि कुष्ठरोगाचा चट्टा हे तिन्ही लोकांच्या नजरेत एकाच रांगेत बसतात आणि त्यापायी लग्नं मोडल्याचे, नोकऱ्या गेल्याचे किस्से सर्वांनाच ठाऊक आहेत. स्लाईडवर त्यांच्यात गोंधळ होण्याचं कारण नाही. कोडात खालच्या ओळीत मेलॅन-ए किंवा सॉक्स-10 चा ठिपका सापडत नाही. शिब्यात पास स्टेनने बुरशीचे तुकडे दिसतात. कुष्ठरोगात मेलॅनोसाईट असतात, मेलॅनिन थोडं कमी असतं, आणि नसांभोवती पेशींचे पुंजके आणि कधी फाइट-फराको स्टेनमध्ये लाल जंतू मिळतात. पहिला संसर्गजन्य नाही, दुसरा साध्या औषधाने जातो, तिसरा ठराविक महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

तेव्हा रिपोर्टमध्ये नुसतं ‘मेलॅनिनसाठी स्टेन पॉझिटिव्ह’ असं वाचून घाबरायचं किंवा निश्चिंत व्हायचं कारण नाही. कोणता स्टेन, ब्लीच करून पाहिलं का, पर्ल्स काय म्हणतं, मेलॅनिन कुठल्या थरात आहे आणि बनवणाऱ्या पेशी मोजल्या का, या प्रश्नांच्या उत्तरांत खरं निदान असतं. आणि त्यातला निम्मा भाग लॅबमध्ये नसतोच. डाग कधीपासून आहे, आधी तिथे काय होतं, कोणती गोळी चालू होती, कोणतं क्रीम लावत होता, हे बायॉप्सीच्या फॉर्मवर लिहिलेलं असेल तर पॅथॉलॉजिस्ट योग्य स्टेन मागवतो. म्हणून बायॉप्सी करून घेताना औषधांची आणि मलमांची पूर्ण यादी डॉक्टरांना द्यावी, लाज वाटते म्हणून गोरेपणाचं क्रीम त्यातून वगळू नये.